पोर्ट फॉरवर्ड करूनही कॅमेरे बाहेरून दिसत नाहीत, अन् पोराचं वायफाय रात्री बंद करायचं आहे (मानेवाडा, नागपूर)

मानेवाडाकर

नमस्कार मंडळी. घर मानेवाड्याला, खाली आम्ही अन् वरच्या मजल्यावर भाडेकरू. फायबरवाल्यानं दिलेला पांढरा डब्बा जिन्याजवळ लागला आहे, त्यातून वायर काढून हॉलमधे माझा स्वतःचा राउटर लावला आहे. चार कॅमेरे अन् डीव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) त्याच राउटरला जोडलेले. आईबाबा दिवसभर घरी दोघंच असतात, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे अन् माझी ड्युटी हिंगणा एमआयडीसीत, त्यामुळे मधून मधून मोबाईलवर गेट अन् हॉल दिसला पाहिजे एवढीच इच्छा आहे. कॅमेरेवाल्यानं सांगितलं की राउटरमधे ८० अन् ८००० नंबरचे पोर्ट फॉरवर्ड करा, नाहीच जमलं तर डीव्हीआर सरळ डीएमझेडमधे टाकून द्या. पोर्ट फॉरवर्ड केले, घरच्या वायफायवर ॲपमधे चित्र एकदम क्लिअर येते, पण घराबाहेर पडलं की काहीच नाही. पोर्ट तपासायच्या साईटवर दोन्ही पोर्ट बंद दाखवून राहिलं आहे. आता डीएमझेड करू का?

दुसरी गोष्ट, मुलगा दहावीत आहे, रात्री साडेदहानंतर त्याच्या फोनचं वायफाय बंद राहावं म्हणून राउटरच्या ॲक्सेस कंट्रोलमधे त्याच्या फोनचा मॅक ॲड्रेस ब्लॉक केला होता. थोडे दिवस चाललं, आता पुन्हा फोन चालू असते रात्री. काहून होत असेल?

सदरवाला_नेटवर्क

दादा, डीएमझेड अजिबात करू नका, आधी तेवढं कबूल करा मग पुढचं बोलू. डीएमझेड म्हणजे जे जे बाहेरून येईल ते सगळं, कुठल्याही पोर्टवर येवो, त्या एका डीव्हीआरवर सोडून देणं. डीव्हीआर तेवढं सोसायला बनवलेलाच नसतो.

आता मला तीन आकडे सांगा. एक, तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय दिसतो. दोन, जिन्याजवळच्या डब्ब्याचं पान उघडून त्याचा वॅन आयपी. तीन, ब्राउजरमधे माझा आयपी कोणता असं शोधल्यावर जो येतो तो. पूर्ण नंबर इथं टाकू नका, पहिले दोन भाग पुरेत.

मानेवाडाकर

राउटरवर १९२.१६८.१.७ दिसते. डब्ब्यावर १००.८१ पासून सुरू होणारा आहे. अन् साईटवर १०३ नं सुरू होणारा तिसराच काहीतरी येऊन राहिला. तिन्ही वेगळे कसे काय?

सदरवाला_नेटवर्क

हे तिन्ही वेगळे आहेत म्हणूनच तुमचं फॉरवर्डिंग चालत नाही. तुम्ही राउटरमधे जे भरलं ते बरोबरच असेल, पण तिथपर्यंत बाहेरचं काही पोचतच नाही. जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न नागपुरातले लोक मला सारखे विचारतात अन् कॅमेरेवाले हे सांगत नाहीत.

महालातल्या जुन्या वाड्यासारखं समजा. रस्त्यावर पत्ता एकच, आत बिऱ्हाडं दहा. आतला माणूस बाहेर पत्र पाठवतो तेव्हा दारावरचा माणूस लक्षात ठेवतो की हे तिसऱ्या बिऱ्हाडाचं, अन् उत्तर आलं की तिकडे देतो. पण बाहेरून कोणी आपणहून आला तर तो कोणाकडे आला हे दारावरच्याला ठाऊक नसते, तो परत पाठवतो. राउटरमधला नॅट म्हणजे तो दारावरचा माणूस, अन् पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला आधीच सांगून ठेवणं की ८००० नंबर विचारत आला तर डीव्हीआरकडे पाठव.

आता तुमच्याकडे असे तीन दरवाजे एकामागे एक आहेत. १९२.१६८ नं सुरू होणारे सगळे पत्ते खाजगी, तसेच १० नं सुरू होणारे अन् १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे. म्हणजे तुमच्या राउटरचं बाहेरचं दारच डब्ब्याच्या आत उघडते. याला डबल नॅट म्हणतात. हे तुमच्या हातातलं आहे, डब्बा ब्रिज मोडला टाकला, म्हणजे त्यानं स्वतः नॅट न करता नेट सरळ तुमच्या राउटरकडे सोडलं, की मिटते. पण डब्ब्याचा स्वतःचा पत्ता १००.८१ आहे, अन् १००.६४ ते १००.१२७ ही पूर्ण पट्टी २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवली आहे की नेट देणाऱ्या कंपन्यांनी एका खऱ्या पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवावी. सीजीनॅट म्हणतात त्याला. तो १०३ वाला पत्ता तुमचा एकट्याचा नाही, तुमच्या गल्लीतले अन् कोण कोण तोच वापरत असतील. त्या दारावर तुमचा हुकूम चालत नाही, तिथं तुम्ही काही फॉरवर्ड करूच शकत नाही.

कंपन्या हे मुद्दाम त्रास द्यायला करत नाहीत. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते एकूण ४२९ कोटीच आहेत, अन् आपल्या आशिया-पॅसिफिक भागातला साठा एप्रिल २०११ मधेच शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. नवीन कंपनीला हजारो गिऱ्हाइकांना वेगवेगळा पत्ता द्यायचा म्हटलं तर आणणार कुठून.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा, राउटरला हात लावायच्या आधी वॅन आयपी अन् साईटवरचा आयपी जुळवून पाहा. जुळले तरच पुढं.

त्रिमूर्तीनगर_७७

माझ्याकडे डीव्हीआर डीएमझेडमधेच आहे, चांगली तीन वर्षं झाली, काही त्रास नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

ऋता_धरमपेठ

त्रास झाला असता तरी तुम्हाला कळलं असतं का, हा प्रश्न आहे. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून कळकळीनं लिहिते आहे.

२०१६ मध्ये मिराई नावाचं मालवेअर पसरलं. ते इंटरनेटवर फिरून उघडे कॅमेरे, डीव्हीआर अन् राउटर शोधायचं, त्याच्याजवळ कंपनीकडून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, ती एकेक करून लावून बघायचं. ॲडमिन ॲडमिन, रूट अन् १२३४५६ असले. लागला पासवर्ड की ते यंत्र ताब्यात. मालकाचं चित्र नेहमीसारखं चालूच राहायचं, काही कळायचं नाही. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच हजारो यंत्रांनी मिळून डिन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर मारा केला अन् ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट्स अमेरिकेत कित्येक तास नीट उघडत नव्हत्या.

अन् नुसता पासवर्ड बदलूनही पूर्ण भागत नाही. २०२१ मध्ये एका फार मोठ्या कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी त्रुटी सापडली की पासवर्ड न देताच त्या यंत्रावर हवी ती कमांड चालवता येत होती. फर्मवेअरचं (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट निघालं, पण भिंतीवर टांगलेला डीव्हीआर अपडेट कोण करतो? शोदान नावाचं सर्च इंजिन २००९ पासून आहे, ते वेबसाइट शोधत नाही, इंटरनेटवर उघडी असलेली यंत्रं शोधतं. ८००० ऐवजी २८००० पोर्ट ठेवला म्हणजे लपलो असं काही नसतं, सगळे पोर्ट तपासले जातात.

तुमच्या हॉलमधला कॅमेरा आहे, घरातली माणसं त्यात दिसतात. कृपा करून आजच डीएमझेड बंद करा.

त्रिमूर्तीनगर_७७

बंद केलं. राउटरच्या यूपीएनपीच्या पानावर पण डीव्हीआरच्या नावानं चार-पाच पोर्ट उघडलेले दिसून राहिले, मी तर कधी टाकले नाही ते.

ऋता_धरमपेठ

यूपीएनपीमुळे घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता राउटरला सांगून स्वतःसाठी पोर्ट उघडून घेऊ शकतं. गेमिंगवाल्यांना सोय होते, बाकीच्यांना त्याची गरज नाही. राउटरमध्ये बंद करा अन् डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्येही बंद करा. तसंच रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटरचं पान उघडायची सोय, ती पण बंद आहे ना ते पाहा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय, ती सुद्धा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो हे २०११ मध्येच उघड झालं आहे.

काटोलचा_संत्रावाला

मधेच बोलतो, माफ करा, पण माझा मामला याच्याच जवळचा आहे. बगिचा काटोलजवळ, अंबिया बहाराची फळं तोडणीला आली की रात्री चोऱ्या होतात, म्हणून शेतातल्या खोलीवर दोन कॅमेरे लावले, नेट सिमकार्डवाल्या फोरजी राउटरचं. त्यात पण पोर्ट फॉरवर्डिंगचं पान आहे म्हणून दिवसभर ते भरत बसलो होतो. मग माझं पण हेच असेल का, सीजीनॅट?

सदरवाला_नेटवर्क

हाव भाऊ, सिमवर तर जवळपास नेहमीच हेच असते. राउटरमधे पान आहे म्हणजे ते चालेलच असं नाही. तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड किंवा पीटूपी. कॅमेरा आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला राहतो अन् तुमचा फोन पण तिथंच जाऊन भेटतो, बाहेरून आत यायचा प्रश्नच नाही, पोर्ट उघडायचा पण नाही. पासवर्ड मोठा ठेवा, चित्राचं एन्क्रिप्शन चालू करा, फर्मवेअर वेळेवर टाका. त्यात भरवसा कॅमेऱ्याच्या कंपनीवर ठेवावा लागते, बगिच्याच्या कॅमेऱ्याला तो मी ठेवीन, घरातल्या हॉलच्या कॅमेऱ्याला ठेवणार नाही. हे माझं मत. नवीन कॅमेरे घेणाऱ्यांनी बिलाआधी सरकारी सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र विचारावं, एप्रिल २०२५ पासून भारतात ते बंधनकारक झालं आहे.

डेटा पण पाहा. चोवीस तास लाइव्ह चालवू नका, हालचाल झाली की क्लिप येईल असं ठेवा.

मानेवाडाकर

मग माझ्यासाठी रस्ता कोणता? कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा आपला एकट्याचा पत्ता, घेऊ का? कस्टमर केअरवाला म्हणाला मिळते पण वेगळे पैसे लागतील दर महिन्याला.

ऋता_धरमपेठ

स्टॅटिक आयपी घेतला तरी डीव्हीआरचा पोर्ट उघडू नका. घेतलाच तर डब्बा ब्रिजला टाकून पीपीपीओईचं (नेट कंपनीशी जोडायचं) लॉगिन तुमच्या राउटरमध्ये भरा, अन् फक्त एकच पोर्ट उघडा, वायरगार्डचा, यूडीपी ५१८२०. वायरगार्ड हे व्हीपीएन आहे, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता, मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, बऱ्याच नव्या राउटरमध्ये तयार मिळतं. त्याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ज्याच्याजवळ बरोबर किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही. स्कॅन करणाऱ्याला तिथं काही आहे हेच दिसत नाही. तुमचा फोन आधी व्हीपीएननं घरात येतो, मग डीव्हीआर जसा वायफायवर दिसतो तसाच दिसतो.

पण कॅमेरे बघण्यापुरतं दर महिन्याला पैसे भरायची गरज मला वाटत नाही. टेलस्केल वापरून बघा. तेही आतमध्ये वायरगार्डच वापरतं, फक्त दोन्ही टोकं आतून बाहेर निघून एकमेकांना शोधतात, त्यामुळे सीजीनॅट असलं तरी चालतं. घरगुती वापराला फुकट आहे. घरी एक यंत्र सतत चालू लागेल, जुना लॅपटॉप असेल तर त्यात लिनक्स टाका किंवा रास्पबेरी पाय घ्या. डीव्हीआरमध्ये काही टाकायचं नाही. त्या लॅपटॉपला सांगायचं की घरचं अख्खं नेटवर्क माझ्यामार्फत उपलब्ध आहे, त्याला सबनेट राउटर म्हणतात.

सदरवाला_नेटवर्क

ताईंनी सांगितलं तेच करा दादा. अन् एक, डीव्हीआरला राउटरमधून पत्ता बांधून द्या, डीएचसीपी रिझर्व्हेशनच्या पानावर. नाही तर लाइट गेली आली की पत्ता बदलतो अन् ॲपमधे चित्र गायब. डीव्हीआरमधे हातानं पत्ता भरला असेल तर गेटवे, म्हणजे राउटरचा आतला पत्ता, पण भरला आहे का ते पाहा. कॅमेरेवाले घाईत गेटवे रिकामा सोडून जातात, मग घरातल्या घरात सगळं चालते पण बाहेरच्याला उत्तर देता येत नाही कारण परतीचा रस्ताच त्याला माहीत नसते. फॉरवर्डिंग बरोबर असून न चालण्याचं हे माझ्या पाहण्यातलं दुसऱ्या नंबरचं कारण.

ज्यांचा वॅन आयपी खरा आहे अन् खरोखर काही फॉरवर्ड करायचं आहे त्यांनी तपासताना घरच्या वायफायवरून तपासू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीत. वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून पाहा.

अजनीची_मास्तरीण

कॅमेऱ्याचं झालं असेल तर पोराच्या फोनवर बोलू का? मी शाळेत शिकवते, हा प्रश्न दर पालकसभेला येतो, कोणी नीट सांगतच नाही. मानेवाडाकर दादा, तुमच्या जिन्याजवळच्या डब्ब्याचं स्वतःचं वायफाय चालू आहे का? त्याच्या मागच्या स्टिकरवर नाव अन् पासवर्ड छापलेला असतो. तुम्ही ब्लॉक केलं हॉलमधल्या राउटरवर. पोट्ट्यानं डब्ब्याचं वायफाय जोडलं तर तुमच्या ॲक्सेस कंट्रोलला पत्ताच लागणार नाही.

मानेवाडाकर

आत्ताच पाहून आलो. चालू आहे. भाडेकरूंना पण तोच स्टिकरवरचा पासवर्ड दिला होता मी, अन् मुलाच्या फोनमधे ते नाव सेव्ह आहे. विचारलं तर हाव म्हणाला, लपवलं नाही त्यानं.

सदरवाला_नेटवर्क

बाई, अगदी नेमकं पकडलं तुम्ही.

आता मॅक ॲड्रेसचं पण समजून घ्या, कारण डब्ब्याचं वायफाय बंद केलं तरी तो दुसरा रस्ता उरते. मॅक म्हणजे फोनच्या वायफाय चिपचा बारा अक्षरी नंबर. पूर्वी तो पक्का असायचा. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, अन् आयफोनमधे २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खोटा मॅक दाखवते. हे चांगल्यासाठीच केलं आहे, मॉलमधे स्टेशनवर कोणी तुमचा माग काढू नये म्हणून. पण सेटिंगमधे जाऊन फोनचा खरा मॅक निवडला की राउटरला तो एकदम नवीन फोन वाटते अन् ब्लॉक यादी निकामी. ओळखायची खूण अशी की मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला मॅक आहे.

म्हणून ब्लॉक यादी ठेवण्यापेक्षा उलटी यादी ठेवा, ज्यांना परवानगी तेवढेच आत, बाकी सगळे बाहेर. नवीन मॅक घेऊन आलेला फोन आपोआप बाहेर राहते. कटकट एवढीच की पाहुणा आला की हातानं घालावं लागते.

अन् ही सुरक्षा नाही हे पण ध्यानात राहू द्या. मॅक हवेत उघडा जातो, पासवर्ड कितीही मोठा असला तरी. ज्याला येते तो तुमच्या लॅपटॉपचा मॅक पाहून स्वतःला लावू शकते. परक्या माणसाला थांबवायचं काम पासवर्डचं, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ अन् निदान बारा-पंधरा अक्षरं. मॅकची यादी घरच्यांची शिस्त ठेवायला ठीक.

अजनीची_मास्तरीण

मी माझ्या घरी याद्यांच्या भानगडीत पडलेच नाही. राउटरमध्ये एक वेगळं वायफाय नाव काढलं, मुलांचे फोन अन् टॅब फक्त त्यावर, अन् त्या नावालाच वेळापत्रक लावलं, साडेदहाला बंद, सकाळी सहाला चालू. मॅक कुठलाही असो, ते नावच हवेत नसते. मोठ्यांच्या वायफायचा पासवर्ड मुलांना नाही. सगळ्या राउटरमध्ये नावाला वेळ लावायची सोय नसते, गेस्ट नेटवर्कला मात्र बऱ्याच ठिकाणी असते.

एक मात्र खरं सांगते. फोनमध्ये सिम आहे अन् सिमवर डेटा आहे, राउटरचं वेळापत्रक तिथं पोचत नाही. माझ्या पोरीला मी वेळापत्रक लावायच्या आधी दाखवलं, काय बंद होणार, कधी चालू होणार, परीक्षा संपली की वेळ वाढवू असं ठरवलं दोघींनी मिळून. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, आमचे पण. दहावीचं पोर सोळाव्या वर्षाला टेकलेलं असते, त्याला न सांगता कुलूप लावलं की ते कुलूप उघडायचाच अभ्यास करते.

मानेवाडाकर

आमचे पण फोन बाहेर ठेवायचं हे पटलं. आज बसतो त्याच्याशी.

भाडेकरूंचं काय करू? डब्ब्याचं वायफाय बंद केलं तर त्यांचं नेट जाईल, भाड्यातच धरलं आहे ते.

सदरवाला_नेटवर्क

बंद करू नका मग. व्हीपीएन वापरणार असाल तर डबल नॅट तुमच्या आड येत नाही, उलट कामी येते. भाडेकरू डब्ब्याच्या वायफायवर, तुमचं घर मागच्या राउटरवर. वरून कोणाला तुमचा डीव्हीआर दिसणार नाही कारण मधे तुमचा राउटर उभा आहे. फक्त डब्ब्याचा वायफाय पासवर्ड बदला, मुलाला देऊ नका, अन् डब्ब्याच्या ॲडमिन पानाचा पासवर्ड पण बदला, तो पण स्टिकरवरच असते.

ऋता_धरमपेठ

एक दुरुस्ती सुचवते. डब्ब्यावर गेस्ट नेटवर्क असेल तर भाडेकरूंना त्याच्यावर ठेवा. नुसत्या डब्ब्याच्या वायफायवर असलेला माणूस तुमच्या राउटरच्या बाहेरच्याच दोरीवर बसलेला असतो, मनात आणलं तर तुमचा बाहेर जाणारा ट्रॅफिक मध्ये अडवू शकतो. गेस्टमध्ये ते होत नाही, तिथून फक्त इंटरनेट. भाडेकरूंवर संशय घ्यायचा म्हणून नाही, त्यांच्या फोनमध्ये काय शिरलं असेल ते त्यांनाही माहीत नसतं. अन् कनेक्शन तुमच्या नावावर आहे, काही भलतंसलतं झालं तर पहिली विचारणा तुमच्याकडे होईल.

खामल्याचा_अनिकेत

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, त्याबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या फायबरवर आयपीव्ही६ मिळते, त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता, सीजीनॅटची भानगडच नाही, पोर्ट फॉरवर्डिंग पण लागत नाही.

ऋता_धरमपेठ

बरोबर, पण त्यात दोन गोष्टी. फॉरवर्डिंग लागत नसलं तरी राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू हवी अन् तिच्यात हवी तेवढीच वाट उघडायची, नाही तर घरातलं एकूण एक यंत्र रस्त्यावर. अन् तुम्ही जिथून बघणार तिथंही आयपीव्ही६ हवं, मोबाईल डेटावर बहुतेक मिळतं, ऑफिसच्या वायफायवर बरेचदा नसतं. बऱ्याच जुन्या डीव्हीआरना ते येतही नाही. वायरगार्डसाठी मात्र आयपीव्ही६ छान.

मानेवाडाकर

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स अन् टेलस्केल टाकलं. लॅपटॉप फोनवरून दिसते, पण डीव्हीआर दिसत नाही. फोनमधे पत्ता पुन्हा १०० नं सुरू होणारा आला, हे पण सीजीनॅट झालं का?

ऋता_धरमपेठ

नाही, टेलस्केल आपल्या पत्त्यांसाठी तीच राखीव पट्टी वापरतं, त्याची काळजी नको. डीव्हीआर न दिसण्याची दोन नेहमीची कारणं. लॅपटॉपवर आयपी फॉरवर्डिंग (आलेलं पुढच्या यंत्राकडे पाठवायची सोय) चालू नसेल, अन् टेलस्केलच्या ॲडमिन पानावर जाऊन लॅपटॉपचा रूट, म्हणजे त्याच्यामार्फत घरच्या नेटवर्कचा रस्ता, मंजूर केला नसेल. नुसतं जाहीर करून होत नाही, मंजुरीची खूण करावी लागते. तिथंच असताना लॅपटॉपची की एक्स्पायरी बंद करा, नाही तर १८० दिवसांनी तो आपोआप लॉगआउट होईल. अन् लॅपटॉपचं झाकण लावलं तरी झोपणार नाही असं सेटिंग करा.

मानेवाडाकर

मंजुरीचंच राहिलं होतं. मोबाईल डेटावर चारही कॅमेरे दिसले ताई! आई हॉलमधे खुर्चीवर बसून पेपर वाचून राहिली होती. राउटरमधले ८० अन् ८००० दोन्ही काढून टाकले. पण कंपनीच्या वायफायवर असलो की पुन्हा दिसत नाही, डेटावर आलो की दिसते.

सदरवाला_नेटवर्क

तुमच्या राउटरचं आतलं नेटवर्क १९२.१६८.० वालं असेल, अन् कंपनीचं पण तेच असेल. फोनला वाटते डीव्हीआर इथंच कंपनीत आहे, तो बाहेर शोधतच नाही. घरचं नेटवर्क बदलून काहीतरी कमी वापरातलं घ्या, १९२.१६८.५७ असं. मग डीव्हीआरचं रिझर्व्हेशन नव्यानं करा, टेलस्केलमधे रूट पण नवीन टाकून पुन्हा मंजूर करा. कंपनीच्या वायफायवर व्हीपीएन चालवायची परवानगी आहे का ते मात्र आयटीवाल्यांना विचारून घ्या, नसेल तर डेटावरच पाहा.

काटोलचा_संत्रावाला

पीटूपीवर दिसून राहिलं बगिचातलं. भाऊ, एक अजून, आमच्याकडे लाइट जाऊन येऊन असते, राउटरला काय लावू? इन्व्हर्टर शेतात नाही.

सदरवाला_नेटवर्क

छोटा डीसी यूपीएस मिळते, बहुतेक राउटर १२ व्होल्टवरच चालतात, पण ॲडॅप्टरवर व्होल्ट अन् अँपिअर वाचूनच घ्या. कॅमेऱ्यांना वेगळा लागेल. मानेवाडाकरांना पण सांगतो, तुमच्याकडे डब्बा अन् राउटर दोघांनाही बॅकअप हवा, एकालाच देऊन उपयोग नाही. लॅपटॉपला त्याची बॅटरी आहे, पण जुनी बॅटरी चोवीस तास चार्जिंगवर राहून फुगते, तेवढी मधून मधून पाहत जा. अन् मे महिन्यात नागपूरचं ऊन ४५ च्या वर गेलं की सज्जावर, कपाटात, टीव्हीच्या मागं कोंबलेले राउटर हँग होतात, मोकळ्या हवेत ठेवा.

मानेवाडाकर

नेटवर्क ५७ वालं केलं. डब्ब्यात गेस्ट नेटवर्क होतं, भाडेकरू तिकडे टाकले, डब्ब्याचं मेन वायफाय बंद, दोन्ही ॲडमिन पासवर्ड बदलले, यूपीएनपी अन् डब्ल्यूपीएस बंद. मुलासाठी वेगळं नाव काढलं, वेळ त्यानंच अकराची मागितली, शनिवारी बारा, मी हो म्हटलं. भाडेकरूंच्या गेस्टचा पासवर्ड त्याला माहीत होऊ नये म्हणून त्यांना पण सांगून ठेवलं आहे. एकच विचारायचं राहिलं, स्मार्ट टीव्ही कोणत्या वायफायवर ठेवू, माझ्या की मुलाच्या?

ऋता_धरमपेठ

मुलाच्या नावावर ठेवा, अन् ते नाव गेस्ट म्हणून काढलं असेल तर घरातल्या नेटवर्कला पोचायची परवानगी तिथं बंद आहे ना तेवढं बघा. टीव्हीला डीव्हीआर दिसायचं काही कारण नाही. फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ पाठवायचा असेल तेव्हा फोन त्या वायफायवर घ्यावा लागेल, अन् गेस्टमध्ये यंत्रं एकमेकांपासून वेगळी ठेवायचं सेटिंग चालू असेल तर तसंही जमणार नाही, मग टीव्हीच्या रिमोटवरूनच लावायचं.